डाव्या कुशीवर

डॉ. राजलक्ष्मी घोलप हृदयाचा आवाज तोंडानं काढायच्या, आणि असा काढायच्या की नवख्या पोराला वाटावं, बाईंच्याच छातीत काहीतरी बिघाड आहे. टेबलावर दोन बोटं आपटून आधी लब्, मग डब्, त्या डबच्या मागोमाग जिभेनं बारीकसा टक्, आणि मग घशातून खालच्या पट्टीतली घरघर, लांबच्या पुलावरून उसाची बैलगाडी जावी तशी. "ही माइट्रलची झडप अरुंद झालेली. ऐका परत." बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या नीराकाठ मेडिकल कॉलेजात त्या मेडिसिन विभागाच्या प्रमुख होत्या. पोरं त्यांना माघारी घरघरबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि, आता खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नवी बॅच वॉर्डात आली की पहिल्याच दिवशी बाई दम भरायच्या, "स्टेथोस्कोप लावायच्या आधी मनात काही ठरवून ठेवाल तर तेच ऐकू येईल. कान रिकामे ठेवा." वाक्य सोन्यासारखं आहे. पण वर्षानुवर्षं म्हणून म्हणून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की बाईंना स्वतःला ते ऐकू येणं बंद झालं असावं.

शेळगावची कौसल्याबाई म्हणजे बाईंचा जीव की प्राण. लहानपणी सांधेताप आला आणि तिच्या हृदयाची झडप आकसून बसली. तिच्या छातीतला आवाज इतका लख्ख, की पुस्तकात लिहिलेलं सगळं ओळीनं ऐकून घ्यावं. अशा पेशंटना परीक्षेसाठी बोलावून घ्यायची पद्धत सगळीकडंच आहे. तारीख जवळ आली की वॉर्डातून फोन जातो, पेशंट सकाळी येऊन खाटेवर पडतो, पोरं एकामागून एक तपासतात, आणि संध्याकाळी तो खाऊनपिऊन आपल्या घरी जातो. कौसल्याबाई हौसेनं यायची. हिरवंगार लुगडं नेसून, डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन, माहेरपणाला आल्यासारखी. सुरुवातीला तर ती पोरांना उत्तरच सांगून मोकळी व्हायची. "माझं माइट्रल हाय बाळा. घाबरू नगंस, लिहून टाक."

हे कळल्यावर बाईंनी नियम केला. परीक्षेत पेशंटनं तोंड उघडायचं नाही. पोरांनीही त्याला काही विचारायचं नाही, नावगावसुद्धा नाही. तपासायचं आणि टेबलाशी येऊन सांगायचं. पेशंट डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडं, कारण ही घरघर त्याच कुशीवर नीट सापडते. पोरं काय, बाईंच्या वरताण. एका बॅचनं दुसरीला सांगून ठेवलेलं असायचं, शेळगावची मावशी, हिरवं लुगडं, डावी कूस, माइट्रल, डोळे झाकून सांग.

या दुखण्याला इलाज नव्हता असंही नाही. जांघेतून बारीक नळी घालून झडपेत फुगा फुगवतात आणि झडप रुंद करतात, छातीला सुरीसुद्धा लागत नाही. बाईंनी स्वतः पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. कौसल्याबाई दर वेळी "जाते की" म्हणायची. मागच्या परीक्षेला तिनं जिन्यात दोनदा थांबून दम खाल्ला, तेव्हा बाई तिला रागावल्याही होत्या. आणि मग निघताना तिच्या पाठीवर थाप मारून हसत म्हणाल्या होत्या, "फुगा बसवा हो, पण पुढच्या परीक्षेपर्यंत आवाज सांभाळा. तुमच्यासारखी केस मला कुठून मिळायची?" चेष्टा होती ती. आजूबाजूची पोरं हसली, कौसल्याबाईही हसली.

तर ती पुढची परीक्षा आता आली होती.

बाहेरून आलेले परीक्षक डॉ. विजयसिंह कोल्हापूरचे. वाटेत गाडी बंद पडून ते उशिरा पोचले. परीक्षा सुरू होण्याआधी परीक्षकांनी प्रत्येक पेशंट स्वतः तपासून घ्यायचा असतो. बाकीचे तपासले. वॉर्डाच्या टोकाच्या खाटेपाशी जायच्या आधीच बाई म्हणाल्या, "ती आमची शेळगावची बाई. तिला काय बघायचं सर, ती केस मला तोंडपाठ आहे." लांबून पाठ दिसत होती. हिरवं लुगडं, डोक्यावरून ओढलेला पदर, तोंड भिंतीकडं. विजयसिंहांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

पोरं येऊ लागली. दिग्विजय नावाचा हुशार मुलगा पाठ्यपुस्तकासारखा बोलला. पहिला आवाज मोठा, मग टक्, मग घरघर, निदान माइट्रल. त्याच्यामागून आलेली राजनंदिनी तेच बोलली, फक्त सावकाश. एकानं तर घरघर किती लांब चालते तेही सांगितलं. विजयसिंह खूश झाले. "तुमची पोरं तयार आहेत, मॅडम." बाईंनी नम्रपणे हसायचा प्रयत्न केला, पण मूठभर मांस चढलेलं लपत नाही.

मग सबिना आली.

सबिना इंदापूरची. एसटी स्टँडसमोर तिच्या वडिलांचं, रसूलभाईंचं, बांगड्यांचं दुकान. मागच्या परीक्षेत ती याच विषयात नापास झाली होती आणि नापास करणाऱ्या राजलक्ष्मीबाईच होत्या. तेव्हा सबिनाला आवाज सापडला नव्हता, मग शेजारच्या मैत्रिणीनं कुजबुजलेलं तिनं ठोकून दिलं आणि बाईंच्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडली. तिच्या बरोबरच्या पोरी डॉक्टर म्हणून वॉर्डात फिरायला लागल्या, ही अजून खालच्या पोरांबरोबर बाकावर. घरी आजी मेहबूबबीनं सांगून ठेवलं होतं, या खेपेला झालं तर झालं, नाहीतर बस झालं शिक्षण, दोन ठिकाणची माणसं बघून जायचं म्हणतायत. हे सगळं कॉलेजला ठाऊक होतं. बाईंनाही होतं.

सबिना टोकाच्या खाटेपाशी बराच वेळ वाकून होती. आली ती हात चोळत.

"सर, मला नॉर्मल वाटतंय."

विजयसिंहांनी कप खाली ठेवला. "काय नॉर्मल?"

"दोन्ही आवाज नॉर्मल. जास्तीचं काही नाही."

"परत जाऊन ऐक."

ती गेली. या वेळी आणखी उशीर लावला. वॉर्डात पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, पण उत्तर तेच होतं.

"ही रिपीटर ना?" विजयसिंहांनी हळूच विचारलं आणि लाल पेन उचललं.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतका वेळ पोरांनी कॉलेजचं नाव राखलं आणि या पोरीनं ते धुळीला मिळवावं. "सबिना, अख्ख्या बॅचला ऐकू येतं आणि तुलाच येत नाही? कान घरी ठेवून आलीस का?"

"मॅडम, मागच्या वेळी ऐकू न आलेलं ऐकू आलं असं सांगितलं म्हणून तुम्हीच मला नापास केलंत. आता जे ऐकू येतंय तेच सांगते. एकदा तुम्ही ऐकून बघा."

परीक्षकाला कुणी असं म्हणत नाही. पण बाई उठल्या, पोरीचं म्हणणं खरं असेल म्हणून नव्हे, तर तिला पुराव्यासकट गप्प करायला. ताडताड चालत खाटेपाशी गेल्या, पाठीमागून वाकल्या, स्टेथोस्कोप नेमक्या जागी टेकवला आणि डोळे मिटले.

आला. लब्, डब्, टक्, आणि मागून ती घरघर. वर्षानुवर्षांची ओळखीची, जरासुद्धा जागेवरून न हललेली. बाईंना बरं वाटलं. त्यांनी वळून सबिनाला खूण केली. "ये इकडं. मी धरते, तू कान लाव. इतका मोठा आवाज बहिऱ्यालाही ऐकू येईल."

तेवढ्यात हाताखालची पाठ गदगदली. खाटेवरची बाई रडत होती. अंगावर काटा आल्यासारखी थरथरली आणि उताणी झाली, पदर डोक्यावरून सरकला, आणि राजलक्ष्मीबाईंनी तिचा चेहरा पाहिला.

ती कौसल्याबाई नव्हतीच.

कौसल्याबाईपेक्षा ही चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. उभट चेहरा, हनुवटीवर गोंदण, रडून सुजलेले डोळे. तिनं ओठ गच्च मिटून धरले होते.

"तुम्ही कोण?" बाईंना आपलाच आवाज परका वाटला.

ती बोलेना. बोटानं तिनं ओठांकडं दाखवलं.

"बोला. बोललं तरी चालेल."

"सकाळी त्या सिंधुबाईनं सांगितलं, तोंड उघडायचं न्हाय म्हणून. मी जयवंता. कौसल्याक्कांची धाकली जाऊ."

राजलक्ष्मीबाईंनी स्टेथोस्कोप पुन्हा टेकवला. लब्, डब्. लब्, डब्. पुढं काही नाही. टक् नाही, घरघर नाही. शेतात राबणाऱ्या बाईचं धडधाकट काळीज, घाबरून जरा जोरात पळणारं, बस. आत्ता, या घटकेला, त्यांनी जे ऐकलं होतं ते या छातीत नव्हतंच. मग ते कुठून आलं? त्यांनी खाटेचा दांडा धरला. ज्या कानांच्या जोरावर त्यांनी आजवर पोरांना पास केलं, नापास केलं, रडवलं, त्या कानांनी त्यांच्या तोंडावर थुंकावं असं झालं.

"कौसल्याबाई कुठं आहेत?"

"त्या न्हाईत आता." जयवंता पदरानं डोळे पुसत उठून बसली. "गेल्या अमुशेच्या आधी. पाण्याचा हंडा उतरवून ठेवला आन म्हणाल्या, दम पुरंना. इंदापूरला न्यायला गाडी आणली तवर तोंडाला फेस. वाटंतच."

सिंधुबाई मागं येऊन उभी होती. ती वॉर्डातली मदतनीस, या वर्षीच लागलेली, तिनं कौसल्याबाईला कधी बघितलंच नव्हतं. "मी फोन केला होता मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली. "हिंदुराव म्हणून कोण ते बोलले. मी म्हटलं, परीक्षेला पाठवा. ते म्हणाले, पाठवतो माणूस."

"थोरलं भावजी," जयवंता म्हणाली. "आक्कांचं मालक. आमच्यात खुरपणीच्या टोळीत एकदा बाई कबूल केली की केली. ती आली न्हाय तर जाऊ नाहीतर सून, कुणीतरी तिच्या जागंवर हुबं ऱ्हातंय. टोळीला खाडा पडू द्यायचा न्हाय. भावजी म्हणालं, कॉलेजला शबुद दिलाय तिनं, पोरांची परीक्षा अडायला नगं, तू जा. आक्कांचं लुगडं नेसून आले. मला वाटलं, नुसतं पडून ऱ्हायाचं असंल."

दारात पोरं जमली होती. दिग्विजय खाली मान घालून उभा होता.

"पर बाई," जयवंता राजलक्ष्मीबाईंच्या हाताला धरून म्हणाली, "मलाबी त्येच झालंय का?"

"काय?"

"सकाळधरनं समदी पोरं येत्यात, वाकत्यात आन तिकडं टेबलापाशी जाऊन माइट्रल म्हणत्यात. आक्का घरी सांगायच्या ना, माझं माइट्रल हाय म्हणून. त्यो शब्द वळखीचा हाय मला. एक झालं, दोन झाली, समदीच तसं म्हणाया लागली. आक्कांना तरी दम लागायचा. मला तर कायबी हुत न्हाय, तरीबी माइट्रल. माझी पोरगी छकुली चौथीत हाय ओ. भितीकडं तोंड करून मी तेवढाच इचार करत हुते."

सकाळपासून एका निरोगी बाईला हे कॉलेज ओळीनं मरण सांगत होतं, आणि ती नियम पाळून गप्प पडून ऐकत होती.

"नाही," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्हाला काहीही झालेलं नाही जयवंताबाई. तुमचं हृदय ठणठणीत आहे. मी सांगते ना."

जयवंतानं त्यांच्याकडं बघितलं. "तुमी तर आत्ताच त्या पोरीला म्हणाला, बहिऱ्यालाबी ऐकू यील इतका मोठा हाय म्हणून."

राजलक्ष्मीबाईंनी कानांतल्या नळ्या काढल्या.

"त्या पोरीला म्होरं या म्हणा," जयवंता म्हणाली. "ती एकटीच न्हाय म्हणाली. तिला नीट ऐकू द्या."

सबिना पुढं झाली. तिच्या स्वतःच्या छातीचे ठोके कुणी मोजले असते तर काय निघाले असते कोण जाणे. बाई बाजूला सरकल्या. सबिनानं जयवंताला उताणी झोपवून ऐकलं, मग डाव्या कुशीवर वळवून ऐकलं, मग बसवून, पुढं वाकवून ऐकलं. कुणी घाई केली नाही. शेवटी तिनं मान हलवली. "काही नाही मावशी. चांगलंय." आणि जयवंताचा विश्वास बसेना हे बघून तिनं नळ्या स्वतःच्या कानांतून काढल्या आणि तिच्या कानांत घातल्या. "तुम्हीच बघा. दोनच आवाज येतायत ना?"

जयवंता तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत राहिली.

विजयसिंहांनी बाईंना खिडकीपाशी बोलावलं. "मॅडम, हे आपण इथंच मिटवू. केस ऐनवेळी बदलली असं लिहू, या मुलीला पास करू, बाकीच्यांना दुसरा पेशंट देऊ. बोभाटा कशाला?"

ते वाईट माणूस नव्हते, सोय बघत होते. बाईंनाही तो मोह क्षणभर झाला, नाही असं नाही.

"सबिना पास आहे, तेवढं लिहा," त्या म्हणाल्या. "आणि खाली हेही लिहा, की या खाटेवर बाकी सगळ्यांनी जे नव्हतं ते ऐकलं. त्यात पहिलं नाव माझं लिहा. मी स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून ऐकलंय. विद्यापीठाला काय करायचं ते करू दे."

विजयसिंह पेन उघडून खाली बसले. सबिनाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण तिला आनंद झालाय असं काही कुणाला वाटलं नसतं.

जयवंतानं नळ्या अजून काढल्या नव्हत्या. तिचा श्वास आता खाली बसला होता. "असं वाजतंय व्हय आपलं," ती स्वतःशीच म्हणाली. मग मान वर करून तिनं विचारलं, "आक्कांचं कसं वाजायचं?"

सगळ्यांनी राजलक्ष्मीबाईंकडं बघितलं. दुसरं कोण दाखवणार? त्या खाटेपाशी आल्या. बोटं दांड्यावर टेकली. लब्, डब्. जिभेनं टक्. घरघर आधी निघेना. पण जयवंता वाट बघत होती, म्हणून त्यांनी ती काढली. सगळी काढली, शेवटपर्यंत, हुबेहूब. वॉर्डात ती बाई पुन्हा येऊन निजावी तसं वाटलं आणि दारातल्या राजनंदिनीनं तोंडावर हात ठेवला.

जयवंतानं दोनदा ऐकून घेतलं.

"ह्योच का त्यो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पुण्याला त्यो फुगा बसवाया भावजी गाडी ठरवून आलं हुतं बघा दिवाळीनंतर. आक्काच न्हाय म्हणाल्या. म्हणाल्या, परीक्षेपतूर थांबा, बाईंनी आवाज सांभाळायला सांगितलंय."

राजलक्ष्मीबाईंची बोटं खाटेच्या दांड्यावर तशीच राहिली.